मृगाच्या गर्दीत टिकेल तोच फोन, तीच वेबसाईट: इंटरनेट फोन आणि नवी वेब साधनं घेण्याआधी काय पारखायचं

जालन्याच्या मोंढ्यातलं खत-बियाण्यांचं दुकान. पहिला पाऊस पडून दोन दिवस झालेले, काउंटरवर माणसावर माणूस, आणि टेबलावरचा नवा इंटरनेट फोन सारखा वाजतोय. मालकांनी उचलला. पलीकडून आवाज आला तो असा: "मालक, ते तीनशे पस्... आलं... किती बॅ..." मालकांनी दोनदा हॅलो-हॅलो केलं आणि ठेवून दिला. लगेच पुन्हा वाजला. तिसऱ्या वेळी त्यांनी खिशातला मोबाईल काढला आणि त्या शेतकऱ्याला स्वतः फोन लावला.

हाच फोन मार्चमध्ये दाखवायला आणला होता, तेव्हा आवाज स्वच्छ होता. मार्चमध्ये दुकान रिकामं होतं, लाईट दिवसभर होती आणि गोडाऊनचे सीसीटीव्ही कॅमेरे तेव्हा इंटरनेटला जोडलेले नव्हते. खरेदी मार्चच्या अनुभवावर झाली, वापर जूनचा निघाला.

जालना, परभणी, लातूर या भागातल्या दुकानांची आणि छोट्या कारखान्यांची फोनची, नेटवर्कची, वेबसाईटची कामं मी करतो. इंटरनेट फोन वाईट नाही. नीट बसवला तर धंद्याला मोठा हातभार लावतो. वेबसाईट बनवायची नवी साधनंही खरंच चांगली आहेत. पण दोन्हींची पारख आपल्या सगळ्यात अवघड दिवसाला धरून करायची असते. बियाणेवाल्याचा तो दिवस मृगात येतो, क्लासवाल्याचा दहावी-बारावीच्या निकालानंतर, आडत्याचा सोयाबीनची आवक सुरू झाली की. तो दिवस आधी ठरवा. पुढची प्रत्येक पायरी त्याच दिवसाशी ताडून पाहायची आहे.

पहिली पायरी: वही घेऊन फोनजवळ बसा

कुठल्याही कंपनीच्या माणसाला बोलावण्याआधी गर्दीचे दोन दिवस निवडा आणि फोनशेजारी एक साधी वही ठेवा. मालकाने किंवा घरच्या माणसाने स्वतः बसावं. नोकराला सांगितलं तर तो गिऱ्हाईक सांभाळेल, वही नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

वहीत चार गोष्टी टिपायच्या. फोन किती वाजता आला. उचलला गेला की नाही. एक फोन चालू असताना दुसरा, तिसरा वाजला का. आणि समोरच्याने नेमकं काय विचारलं, ते त्याच्याच शब्दांत.

वर सांगितलेल्या दुकानात मी पुढच्या हंगामात असाच एक दिवस बसलो. पाच-पाच रेघांच्या जुड्या मारत गेलो. दुपारपर्यंत एक रकाना बाकीच्यांच्या कितीतरी पुढे गेला होता: "अमुक वाण आलं का आणि बॅग कितीला?" त्याच्या खाली "दुकान किती वाजेपर्यंत चालू आहे?" उधारीची बोलणी, पिकावरच्या किडीबद्दलचा सल्ला, उगवण झाली नाही म्हणून तक्रार, असे माणसाशी बोलावेच लागतील असे फोन त्या मानाने थोडे होते. पण तेच उचलले जात नव्हते, कारण लाईन "आलं का"च्या फोनांनी अडलेली असायची.

म्हणून फोन आणि वेबसाईट हे दोन विषय मी एकाच लेखात घेतले आहेत. "आलं का, कितीला" याचं उत्तर वेबसाईटच्या एका साध्या पानावर किंवा व्हॉट्सॲप बिझनेसच्या यादीत देता येतं. तेवढे फोन कमी झाले की महागड्या फोन यंत्रणेची गरजच निम्मी होते. मी अशी दुकानं पाहिली आहेत जिथे आठ लाईनींची यंत्रणा घ्यायचं ठरलं होतं आणि वही भरल्यावर दोन लाईनी आणि एक पान पुरेसं ठरलं.

एकाच वेळी जास्तीत जास्त किती फोन वाजले, तो आकडा वहीतून वेगळा काढून ठेवा. पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे.

दुसरी पायरी: कोणत्या प्रकारचा इंटरनेट फोन, ते ठरवा

"इंटरनेट फोन" या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि बहुतेक घोटाळा इथेच होतो.

पहिला प्रकार: आपल्याला एक नंबर मिळतो, त्यावर आलेला फोन कंपनीच्या सर्व्हरवर जातो, "विक्रीसाठी एक दाबा, हिशोबासाठी दोन दाबा" असं ऐकवतो आणि मग आपल्या माणसांच्या साध्या मोबाईलवर वळवला जातो. इथे दुकानातलं इंटरनेट बंद पडलं तरी फोन येतच राहतो, कारण शेवटचा टप्पा मोबाईलच्या टॉवरवरून येतो. किती फोन आले, किती चुकले, कोणी उचलले, ही सगळी नोंद मात्र मिळते.

दुसरा प्रकार: टेबलावर आयपी फोन, म्हणजे थेट इंटरनेटच्या तारेला जोडायचा फोन, आणि मागची सगळी यंत्रणा कंपनीच्या सर्व्हरवर. आवाज दुकानातल्या इंटरनेटवरूनच जातो.

तिसरा प्रकार: यंत्रणाही आपल्याच जागेत, आपल्याच संगणकावर, आणि परवानाधारक कंपनीकडून सिप ट्रंक नावाची जोडणी. सिप म्हणजे फोन लावणं, उचलणं, ठेवणं याची इंटरनेटवरची ठरलेली भाषा. तिचा आजचा मूळ मसुदा २००२चा आहे. यासाठी ॲस्टेरिस्क हे मोफत सॉफ्टवेअर १९९९ पासून आहे आणि ते भक्कम आहे.

माझं मत सरळ सांगतो. पाच-सहा माणसांच्या दुकानाने पहिला प्रकार घ्यावा, त्याच्या पुढे पाहू नये. संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना असेल, गेट, स्टोअर, ऑफिस, डिस्पॅच अशी दहा-पंधरा टेबलं असतील, तर दुसरा किंवा तिसरा प्रकार पाहावा, कारण आतल्या आत बोलणं फुकट होतं आणि फोन एका टेबलावरून दुसऱ्याकडे देता येतो. तिसरा प्रकार मात्र तेव्हाच, जेव्हा ती यंत्रणा कळणारा माणूस पगारावर असेल किंवा तासाभराच्या अंतरावर असेल. मोफत सॉफ्टवेअरचा खरा खर्च म्हणजे तो माणूस.

तिसऱ्या प्रकारात आणखी एक धोका आहे. पासवर्ड सोपा ठेवला तर कोणीतरी रात्रीतून यंत्रणेत शिरून परदेशात फोन लावत राहतो आणि बिल मालकाच्या नावावर येतं. परदेशी कॉल गरज नसेल तर कंपनीकडूनच बंद करून घ्या, रोजच्या खर्चाला मर्यादा लावून घ्या, आणि प्रत्येक एक्स्टेन्शनला, म्हणजे टेबलाच्या आतल्या नंबराला, लांब, वेगळा पासवर्ड द्या. एक्स्टेन्शन १०१ आणि पासवर्डही १०१, असं मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलेलं आहे.

तिसरी पायरी: लाईन मोजा, आणि स्पीडवर विसंबू नका

पहिला प्रकार घेत असाल तर ही पायरी सोडून पुढे गेलात तरी चालेल. बाकीच्यांनी मन लावून वाचावी.

आपण बोलतो तो आवाज इंटरनेटवर अखंड जात नाही. त्याचे बारीक तुकडे होतात, साधारण २० मिलिसेकंदांचा एक, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येक तुकड्यावर पत्ता चिकटतो आणि तो स्वतंत्र निघतो. जी.७११ या नेहमीच्या पद्धतीत आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. पत्त्यांचं ओझं धरून एका फोनला एका दिशेने ८० ते ९०. जी.७२९ ही दाबून बसवणारी पद्धत आवाज ८ किलोबिटमध्ये बसवते आणि ओझ्यासकट सुमारे ३० च्या आसपास जाते, आवाज थोडा बसका येतो. म्हणजे एकाच वेळी पाच फोन चालले तरी जी.७११ ने अर्धा मेगाबिट पुरे होतो. आज फायबरवर ५०-१०० मेगाबिटची जोडणी सहज मिळते. मग आवाज तुटतो कशाने?

तीन गोष्टींनी. तुकडा पोचायला लागणारा वेळ, त्या वेळातला चढउतार, आणि वाटेत हरवलेले तुकडे. एका बाजूने दुसऱ्या बाजूला पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्यापुढे दोघं एकाच वेळी बोलायला लागतात आणि दोघंही थांबतात. चढउतार ३० मिलिसेकंदांच्या आत आणि हरवलेले तुकडे शंभरात एकापेक्षा कमी, असा नेम धरून चालावं.

हे मोजायला पैसे लागत नाहीत. विंडोजच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडा, पिंग ही आज्ञा द्या, पुढे फोन कंपनीने दिलेला सर्व्हरचा पत्ता लिहा, आणि शेवटी वजाचं चिन्ह लावून टी. आकडे येत राहतील. दुपारी गर्दीच्या तासात तासभर चालू ठेवा, संध्याकाळी सात ते नऊ पुन्हा, आणि पावसात एकदा. लक्षात ठेवा, पिंगचा आकडा जाऊन-येऊनचा असतो. एका बाजूचा अंदाज हवा तर निम्मा धरा. आकडे ४०, ४२, ४१ असे एका ओळीत राहिले तर लाईन चांगली. ४०, २१०, ५५, मग "रिक्वेस्ट टाइम्ड आउट", असं दिसलं तर शंभर मेगाबिटची जाहिरात काही कामाची नाही.

जालन्याच्या दुकानात नेमकं हेच झालं होतं. कॅमेरे सतत चित्रं वर चढवत होते, अपलोडची वाट भरून जायची आणि आवाजाचे तुकडे रांगेत अडकायचे. उपाय अर्ध्या तासाचा निघाला. राऊटरमध्ये क्यूओएस नावाची सोय असते. तिथे फोनच्या तुकड्यांना पहिला मान दिला आणि कॅमेऱ्यांच्या अपलोडला मर्यादा घातली. शिवाय राऊटरमध्ये सिप एएलजी नावाचं एक बटण असतं, ते बहुतेक वेळा चालू असतं आणि बहुतेक वेळा त्रासच देतं. फोन वाजतो पण एकाच बाजूचा आवाज येतो, किंवा ठरावीक वेळाने फोन आपोआप तुटतो, अशी तक्रार असेल तर आधी ते बंद करून पाहा.

टेबलावरचे फोन वायफायवर ठेवू नका. पत्र्याचं शेड, लोखंडी रॅक, सळयांचे ढीग असतील तिथे तर नाहीच. तार ओढून घ्या. पीओई स्विच घेतला तर त्याच तारेतून फोनला वीजही मिळते आणि टेबलाखालचे अडॅप्टर जातात.

चौथी पायरी: लाईट गेली तर काय, आणि जेसीबी आला तर काय

जुन्या तांब्याच्या लँडलाईनचा एक मोठा गुण आपण विसरून गेलो. तिला वीज एक्स्चेंजमधून, तारेतूनच, सुमारे ४८ व्होल्टची यायची. गावात अंधार असला तरी फोन लागायचा. फायबरचं तसं नाही. काचेच्या तारेतून वीज येत नाही. फायबर ज्यात येते तो भिंतीवरचा डबा, राऊटर, स्विच, सगळ्यांना दुकानातली लाईट लागते.

यातली सुखाची गोष्ट अशी की या सगळ्यांची भूक फार कमी असते. डबा, राऊटर, स्विच आणि दोन-तीन फोन मिळून ४० वॅट धरा. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. जुनी झालेली, इन्व्हर्टरमध्ये काही वाया जाणारं, हे धरून निम्मे मोजले तरी ९०० होतात, म्हणजे वीसेक तास. पण त्याच इन्व्हर्टरवर चार पंखे आणि बिलिंगचे दोन संगणक असतील तर हिशोब दोन-तीन तासांवर येतो. म्हणून राऊटरसाठी १२ व्होल्टचा छोटा वेगळा बॅकअप मिळतो, तो घ्या. इलेक्ट्रिशियनला सांगून नेटवर्कचा बोर्ड पंख्यांच्या लाईनपासून वेगळा करून घ्या.

दुसरं संकट रस्त्याच्या कडेला खोदणारा जेसीबी. सध्या मराठवाड्यात रस्त्यांची कामं जागोजागी निघतात आणि फायबर तुटली की कधी तासात जोडली जाते, कधी दोन दिवस लागतात. एकाच खांबावरून येणाऱ्या दोन कंपन्यांच्या दोन लाईनी घेऊन उपयोग नाही. दोन्ही एकदमच तुटतात. एक फायबर आणि दुसरा सिम टाकायचा राऊटर, तोही दुकानात ज्याची रेंज चांगली त्या कंपनीचा, अशी जोडी ठेवा. पहिली लाईन पडली की दुसरी आपोआप सुरू होईल, असं राऊटरमध्ये बसवून घ्या.

आणि शेवटचा आधार कंपनीच्या बाजूला: "आमचं यंत्र ऑफलाईन दिसलं तर फोन या मोबाईलवर वळवा" ही सूचना त्यांच्या पॅनलमध्ये टाकून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते केलेलं दुकान मला क्वचितच सापडतं.

पाचवी पायरी: नंबर आणि नियम

गावात आपला नंबर लोकांना पाठ असतो. जालन्याचा ०२४८२, परभणीचा ०२४५२, लातूरचा ०२३८२, नांदेडचा ०२४६२. त्यापुढचे सहा आकडे बोर्डावर, पावतीपुस्तकावर, बारदान्यावर छापलेले. मोबाईलचा नंबर २०११ पासून देशभर कंपनी बदलूनही तोच ठेवता येतो. लँडलाईनच्या नंबराला ती सोय गृहीत धरू नका. जुनी लाईन लगेच बंद करायचं धाडस नको. निदान एक पूर्ण हंगाम ती चालू ठेवा, तिच्यावर येणारे फोन नव्या नंबरवर वळवा आणि नव्या पावत्यांवर नवा नंबर छापत राहा.

नियमांचं थोडक्यात. इंटरनेटवरून साध्या फोनवर बोलणं भारतात वैध आहे. दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये ती वाट मोकळी केली. पण सेवा परवानाधारक कंपनीकडूनच हवी. "एका डब्यात दहा-वीस सिम टाकतो आणि स्वस्तात फोन देतो" असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. असे सिमबॉक्स बेकायदा आहेत आणि पोलीस ज्याच्या जागेत डबा सापडतो त्याच्या दारात आधी येतात.

जाहिरातीचे फोन शेकडो लोकांना साध्या दहा आकडी मोबाईलवरून करू नका. त्यासाठी १४० ने सुरू होणारी मालिका आहे, आणि ज्यांनी १९०९ वर नोंद करून असे फोन नको म्हटले आहेत त्यांना तर मुळीच नाही. तक्रारी झाल्या तर नंबर बंद होतो, आणि दुकानाचा नंबर बंद होणं म्हणजे शटर ओढण्यासारखंच. फोन रेकॉर्ड करत असाल तर सुरुवातीलाच मराठीत सांगा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. गिऱ्हाइकाचा आवाज, नंबर, उधारी ही त्याची माहिती आहे, आपण फक्त सांभाळणारे.

कामगारांना एक गोष्ट नक्की सांगून ठेवा: आग, अपघात असेल तर ११२ खिशातल्या मोबाईलवरूनच लावायचा. इंटरनेट फोनवरून तो लागेल आणि जागा बरोबर कळेल, यावर जीव टांगू नये.

सहावी पायरी: वेबसाईटची साधनं पारखताना

आता वही पुन्हा उघडा. लोकांनी विचारलेले प्रश्न ज्या शब्दांत आहेत, त्याच शब्दांत वेबसाईटचं पहिलं पान लिहायचं आहे. "आमची गुणवत्तापूर्ण सेवा" याने सुरू होणारं पान कोणालाच नको असतं. "आज काय शिल्लक आहे, भाव काय, दुकान किती वाजेपर्यंत, रस्ता कसा, फोन इथे दाबा" एवढं वर दिसलं पाहिजे.

बनवणारा म्हणेल, रिॲक्टमध्ये करू, नेक्स्टमध्ये करू, ॲस्ट्रोमध्ये करू, किंवा एआयकडून दोन दिवसांत करून देतो. दुसरा म्हणेल, वर्डप्रेसच बरं. कोणाचं ऐकायचं? ही सगळी वेबसाईट बनवायच्या साधनांची नावं. साधनाचं नाव बाजूला ठेवा आणि त्याला चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: तीन-चार वर्षं जुन्या स्वस्त अँड्रॉइडवर, गावातल्या रेंजवर, पान किती वेळात दिसेल? गूगलची पेजस्पीड इनसाइट्स ही मोफत चाचणी आहे. तिथले तीन आकडे पाहा: पानातला मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा, आणि पान वाचता वाचता हलण्याचं माप ०.१ च्या आत असावं. भेट देणाऱ्या चारपैकी तिघांना हे मिळालं तर पान चांगलं धरतात. यातला प्रतिसादाचा मापदंड मार्च २०२४ पासून बदलून कडक झाला, आणि जड जावास्क्रिप्टवर, म्हणजे फोनच्या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडवर, बांधलेली पानं इथेच अडकतात. चित्र फक्त उतरवून दाखवायचं असतं. जावास्क्रिप्ट उतरवल्यावर फोनला ती वाचून चालवावी लागते, आणि स्वस्त फोनचा प्रोसेसर तिथे दमतो. भावाची यादी आणि पत्ता दाखवायला एवढं ओझं लागत नाही. आधीच तयार करून ठेवलेली साधी पानं, ज्यांना स्टॅटिक म्हणतात, ती यासाठी सर्वांत चांगली. ॲस्ट्रोसारखी नवी साधनं तेच सोपं करतात, म्हणून ती मला पटतात.

पण अहवालावर थांबू नका. दुकानात आलेल्या एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याला म्हणा, "काका, तुमच्या फोनवर हे उघडून बघता का?" आणि गप्प उभे राहा. त्यांचं बोट कुठे जातं, कुठे थांबतं, ते पाहा. मी एकदा असंच पाहिलं: फोन नंबर चित्रात लिहिला होता, काका त्यावर तीनदा बोट दाबत होते आणि काहीच होत नव्हतं. मग त्यांनी खिशातून कागद काढला आणि नंबर उतरवून घेतला. त्या दिवसापासून दाबला की लागणारा नंबर ही माझी पहिली अट आहे.

दुसरा प्रश्न: हे साधन पाच वर्षांनी असेल का, आणि नसलं तर बाहेर कसं पडायचं? वेबपानांवर हलती चित्रं, खेळ दाखवणारं फ्लॅश एकेकाळी सगळीकडे होतं. ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा आधार संपला. अँग्युलरजेएस या जावास्क्रिप्टच्या साधनावर कितीतरी कंपन्यांची कामं उभी होती. २०२१ च्या अखेरीस त्याच्या दुरुस्त्या थांबल्या. उलट पीएचपी ही भाषा १९९५ पासून आणि तिच्यावर बांधलेलं वर्डप्रेस २००३ पासून चालत आहे, आणि त्यावर काम करणारी मुलं संभाजीनगर, लातूर, नांदेडला सहज मिळतात. जिथे रोज भाव बदलायचा आहे आणि तो मालकाने किंवा मुनिमानेच बदलायचा आहे, तिथे नीट अद्ययावत ठेवलेलं, मोजकीच प्लगिनं (वरून जोडायच्या सोयी) असलेलं वर्डप्रेस आजही वाईट नाही. जुनं प्लगिन अपडेट न करता सोडून देणं मात्र गोडाऊनला कुलूप न लावण्यासारखं आहे.

तिसरा प्रश्न: मराठी नीट आहे का? मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे मोबाईलवर आपण टाइप करतो त्या प्रमाण पद्धतीतच हवा. डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर चिकटवला तर डोळ्यांना मराठी दिसेल, पण गूगलला ती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि "सोयाबीन बियाणे जालना" शोधणाऱ्याला आपलं दुकान सापडत नाही. देवनागरी फॉन्टच्या फाइली जोडाक्षरांमुळे जड असतात. अक्षरांची एकच जाडी, फार तर दोन, तेवढ्याच लावा.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: किल्ल्या कोणाच्या हातात? वसमतच्या एका हळद व्यापाऱ्याचं काम माझ्याकडे आलं ते असं. भौगोलिक मानांकन मिळालेली वसमतची हळद ते बाहेर पाठवतात, पिशव्यांवर वेबसाईटचा पत्ता छापलेला. एके सकाळी पत्ता बंद. ज्याने वेबसाईट बनवली त्याने डोमेन, म्हणजे वेबसाईटचा पत्ता, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. तो दुसऱ्या शहरात गेला, फोन उचलेना, मुदत संपली. व्यापाऱ्यांनी पैसे दरवर्षी वेळेवर दिलेले होते. छापलेल्या पिशव्यांचा ढीग गोडाऊनमध्ये पडून राहिला आणि आम्हाला नव्या पत्त्याचे स्टिकर लावत बसावं लागलं.

म्हणून डोमेन मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर, मालकाच्या मोबाईलवर ओटीपी येईल असं. होस्टिंगचं, म्हणजे वेबसाईट जिथे ठेवलेली असते त्या जागेचं, लॉगिन आपल्याकडे. कोड गिटहब या कोड साठवायच्या साईटवर, आपल्या खात्यात. गिऱ्हाइकांची यादी आणि भावपत्रक महिन्यातून एकदा एक्सेलमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर. हे सगळं काम देण्याआधी कागदावर लिहून घ्या, शेवटचा हप्ता हे हातात आल्यावरच द्या. फोन कंपनीलाही हाच प्रश्न विचारायचा: उद्या सोडून गेलो तर कॉलची नोंद, रेकॉर्डिंग आणि नंबर याचं काय?

सातवी पायरी: नव्यातलं काय खरंच घेण्यासारखं आहे

दोन गोष्टी मला मनापासून आवडतात.

एक, पीडब्ल्यूए. वेबसाईटच, पण फोनच्या पडद्यावर ॲपसारखी बसते आणि रेंज नसली तरी आधी उतरवलेलं दाखवते. आपले सेल्समन जिथे फिरतात तिथे रेंज जाते-येते. बांधावर ऑर्डर भरून घ्यायची आणि रेंजमध्ये आल्यावर ती आपोआप पाठवायची, हे यात करता येतं, आणि वेगळं ॲप बनवण्याचा खर्च वाचतो.

दुसरी, वेबआरटीसी. ब्राउझरमधूनच थेट आवाज आणि चित्र. जानेवारी २०२१ मध्ये तिला वेबच्या अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. पैठणच्या विणकराला परदेशातल्या गिऱ्हाइकाला पदराचं काम हातात धरून दाखवायचं असेल, तर "इथे दाबा, बोलू" हे बटण सोन्यासारखं आहे. समोरच्याला काही बसवावं लागत नाही. बियाण्याच्या दुकानाला मात्र ते नको. तिथल्या गिऱ्हाइकाला मायक्रोफोनची परवानगी मागणारी चौकट बघून भीती वाटते. त्याला साधा फोन लागला पाहिजे.

एआयकडून कोड लिहून घेण्याबद्दल मुलं फार विचारतात. कच्चा आराखडा, भावाचा तक्ता, चौकशीचा फॉर्म यासाठी जरूर वापरा, वेळ वाचतो. पण जो बनवतो त्याला प्रत्येक भाग समजावून सांगता आला पाहिजे. फॉर्ममध्ये कोणी भलतंच टाकलं तर काय होतं, दुसऱ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर उघडता येते का, हे मुद्दाम तपासा. आणि उधारीची वही, आधार नंबर, फोन नंबर त्या चौकटीत चिकटवू नका.

आठवी पायरी: वेळापत्रक

वही याच हंगामात भरा. डिसेंबर-जानेवारीत दोन-तीन कंपन्यांकडून भाव मागवा. महिन्याचं भाडं, मिनिटाचा दर, फोन वळवल्यावर दुसऱ्या टप्प्याचा वेगळा दर लागतो का, यंत्रं, बॅटरी, दुसरं इंटरनेट आणि १८ टक्के जीएसटी, सगळं एकाच कागदावर मांडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये एकाच नंबरवर महिनाभर चालवून पाहा. वर्षाचे पैसे आगाऊ दिले तर सवलत, असं सांगतील. पहिल्या वर्षी ती सवलत घेऊ नका. एप्रिलमध्ये वेबसाईट लोकांच्या हातात द्या. १५ मे नंतर फोनमध्ये, राऊटरमध्ये, वेबसाईटमध्ये भावाखेरीज काहीही बदलायचं नाही, अगदी कितीही चांगली सुधारणा असली तरी.

आणि मेच्या पहिल्या आठवड्यात एक दुपार ठरवा. सगळे कॅमेरे, बिलिंग, सगळं चालू करा. मग मेन स्विच पाडा. दहा मिनिटांनी फायबरची पिनही काढा. दुकानातून बाहेर पडा, समोरच्या चहाच्या टपरीपर्यंत चालत जा आणि तिथून, दुसऱ्याच्या मोबाईलवरून, आपल्याच दुकानाचा नंबर लावा. कोण उचलतं ते ऐका. मग त्याच मोबाईलवर आपली वेबसाईट उघडा आणि सोयाबीनच्या ३३५ वाणाचा आजचा भाव दिसतो का, ते पाहा.